भुयारातला चेंडू

भुयारात सहा पेट्या ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी एकीत चेंडू आहे, उरलेल्या पाच उघडणाऱ्याच्या तोंडावर फुटतात. कोणत्या पेटीत काय आहे, हे दोन्ही संघांपैकी कुणालाच ठाऊक नाही. एका टोकाला एका संघाचं घर, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं, आणि मध्ये खोल्या, बोळ, वळणं. पेटी शोधायची, उघडायची, फुटली तर धूळ झटकून पुढची गाठायची. चेंडू मिळाला की तो घेऊन समोरच्या संघाच्या घरात घुसायचं, यालाच टचडाऊन म्हणतात. पहिला टचडाऊन ज्याचा, सामना त्याचा.

या खेळाचं नाव डंजनबोल. इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो 1989 मध्ये बाजारात आणला. हाताच्या बोटाएवढ्या रंगवलेल्या सोंगट्या, चौकटी आखलेला पट, काही फासे आणि एक नियमपुस्तिका एवढ्यावर तो चालतो. सोंगट्यांमध्ये माणसं असतात, तसेच ऑर्क, एल्फ, ड्वार्फ या कल्पित जमातींचे गडी आणि दोन पायांवर पळणारी उंदीरमाणसंही असतात. मोठ्या माणसांनी संध्याकाळच्या संध्याकाळ खर्च करून खेळावा असा हा खेळ आहे. जगभर हजारो लोक त्याचा थोरला भाऊ, म्हणजे उघड्या मैदानावरचा ब्लड बोल, खेळतात आणि मन झालं की सोंगट्या उचलून भुयारात उतरतात.

या लेखात सांगायचंय ते या खेळाच्या एका खास गुणाविषयी. त्याचे नियम छापलेले आहेत, तरी ते छापील उरत नाहीत. प्रत्येक टेबलावर त्यांत काहीतरी बदलतं. हे बदल हीच या खेळाची ताकद आहे, आणि नियमांची मालकी खेळणाऱ्यांनी आपल्याकडे घेतली म्हणून हा खेळ जगला, असं मला त्याचा इतिहास वाचून ठामपणे वाटतं.

आधी मैदान

भुयार समजण्यासाठी आधी मैदान समजून घ्यायला हवं. 1982 च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये चॅनेल फोर ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि तिने अमेरिकन फुटबॉल दाखवायला घेतला. फुटबॉल म्हणजे फक्त पायाने खेळायचा चेंडू, असं मानणाऱ्या देशात हे चिलखतासारखे खांदे बांधून एकमेकांवर कोसळणारे गडी पाहायला तरुणांची झुंबड उडाली. 1986 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज हे संघ प्रत्यक्ष खेळून गेले. त्याच वर्षी जर्व्हिस जॉन्सन या खेळकर्त्याचा ब्लड बोल आला. गेम्स वर्कशॉपच्या वॉरहॅमर या युद्धखेळातलं जादूचं जग आधीपासून तयार होतं. जॉन्सनने त्या जगातल्या टोळ्यांच्या हातांत तलवारीऐवजी चेंडू दिला.

पहिल्या पेटीतल्या सोंगट्या पुठ्ठ्याच्या होत्या. 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीत थर्माकोलचं जाडजूड मैदान आणि प्लॅस्टिकचे गडी आले. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत टक्करीसाठी खास चिन्हांचे फासे आले आणि खेळाला आजचं रूप मिळालं.

मैदान 26 चौकटी लांब आणि 15 चौकटी रुंद. प्रत्येक बाजूचे अकरा गडी. एका अर्ध्यात प्रत्येकाच्या आठ पाळ्या, म्हणजे सामनाभर सोळा. आपल्या पाळीत सगळे गडी एकामागून एक हलवता येतात, पण एखादा पडला किंवा चेंडू निसटला की पाळी तिथेच संपते. उरलेले गडी जागच्या जागी उभे राहतात आणि समोरचा सुरू होतो. या एका नियमावर सगळा खेळ तोललेला आहे.

टक्करीच्या फाशाला सहा बाजू असतात. एका बाजूवर कवटी, म्हणजे मारणाराच आडवा. एका बाजूवर दोघेही आडवे. दोन बाजूंवर नुसता धक्का. उरलेल्या दोन बाजूंवर समोरचा पडण्याची सोय, त्यांतल्या एकीतून चपळ गड्याला निसटता येतं. खास कौशल्य नसलेल्या गड्याने एका फाशावर टक्कर घेतली तर सहांपैकी दोन बाजू त्याच्या मुळावर येतात. म्हणजे तीनदा टक्कर दिली तर सरासरी एकदा पाळी जाते. शेजारी सोबती उभा करून दोन फासे मिळवले आणि त्यांतला हवा तो निवडला, तर हाच धोका नऊपैकी एकावर येतो. म्हणून मुरलेला खेळाडू आधी सोबती जागेवर आणतो, मग टक्कर देतो, आणि सगळ्यांत धोक्याचं काम पाळीच्या शेवटी ठेवतो. जी चाल तीनपैकी दोनदा साधते, तशा चार चाली ओळीने साधण्याची शक्यता पाचांत एकीपेक्षाही किंचित कमी असते. नवखा माणूस या चार चालींवर सामना लावतो आणि फाशाला बोल लावतो. जुना खेळाडू त्या चारांच्या दोन कशा होतील ते शोधतो. या खेळाला नशिबाचा खेळ म्हणणाऱ्यांनी हा फरक एकदा टेबलाशी बसून पाहावा.

मग मैदानाखाली

भुयाराचा वारसा अमेरिकेतून आला. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून बाहेर पडला. किल्ल्याखालची तळघरं, दाराआडचा राक्षस, पेटीतला खजिना ही सगळी मांडणी तिथे घट्ट झाली. 1975 मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेल्या गेम्स वर्कशॉपने आरंभीच्या काळात हाच खेळ ब्रिटनमध्ये आणून विकला. पुढे कंपनी नॉटिंगहॅमला गेली, स्वतःचे खेळ काढू लागली, पण भुयार तिच्या अंगात मुरलेलं होतं. डंजनबोल आला त्याच 1989 मध्ये मिल्टन ब्रॅडलीबरोबर तिने हिरोक्वेस्टही आणला. त्यातही दारं, बोळ आणि पेट्या होत्या.

डंजनबोलची कथा अशी, की जादूची विद्यापीठं आपसांत भांडतात. कुणाची विद्या श्रेष्ठ, हे ठरवायला ती आपापले संघ भुयारात उतरवतात. त्यामुळे एका संघात एकाच जातीचे गडी असण्याचं बंधन सुटतं. मैदानावर ड्वार्फांचा संघ म्हणजे सगळे ड्वार्फ. भुयारात मात्र एका विद्यापीठाच्या झेंड्याखाली वेगवेगळ्या जमातींचे गडी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. संघ बांधणाऱ्याला यात वेगळाच आनंद मिळतो. भिंतीसारखा कोण, दूत कोण, आणि पेटी उघडायला कुणाला पुढे करायचं, हे त्याला सामन्याआधीच ठरवावं लागतं.

पट एकसंध नसतो. खोल्यांचे आणि बोळांचे सुटे तुकडे असतात, ते जोडू तसं भुयार होतं. मध्ये सहा जादूची वर्तुळं असतात. गडी एका वर्तुळात शिरला की कोणत्या वर्तुळातून बाहेर पडणार, हे फासा ठरवतो. ज्या खोलीत समोरच्याचा पहारा तिथेच तो उगवू शकतो, किंवा ज्या पेटीकडे कुणाचं लक्ष नाही तिच्या शेजारी.

तेच गडी, तेच फासे, पण जागा बदलली की किंमत बदलते. उंदीरमाणसांच्या संघातला गटर रनर हा धावपटू एका पाळीत नऊ चौकटी पळतो, जोखीम घेतली तर आणखी दोन. उघड्या मैदानावर तो बाजूने वळसा घालून निघाला की त्याला गाठणं कठीण. ड्वार्फ जेमतेम चार चौकटी चालतो; मैदानावर त्याच्या डोळ्यांदेखत चेंडू निघून जातो. भुयारात मात्र एक चौकट रुंदीच्या बोळात तो ठाण मांडून बसला की धावपटूच्या नऊ चौकटी वाया जातात. वळसा घालायला जागाच नाही. त्याच्या शेजारून निसटायचं म्हटलं तरी पलीकडची चौकट रिकामी लागते. हळू आणि चिवट गड्याचा भाव इथे एकदम चढतो. याउलट प्रशस्त खोलीत तोच ड्वार्फ चहूबाजूंनी घेरला जातो. म्हणून तुकडे कसे जोडले यावर अर्धा सामना ठरतो, आणि इथूनच घरच्या, म्हणजे खेळणाऱ्यांनी आपसांत ठरवलेल्या, नियमांची गरज सुरू होते.

जिथे छापील नियम अडखळतो

मैदानावरचे नियम जसेच्या तसे भुयारात आणले तर ते तीन ठिकाणी अडतात. तिन्ही ठिकाणं खेळाचं यंत्र कसं चालतं हे फार छान दाखवतात.

पहिलं ठिकाण भिंत. मैदानावर गड्याला ढकलत कडेबाहेर काढलं की प्रेक्षक त्याला तुडवतात. त्यामुळे कडेला उभं राहणं धोक्याचं आणि मध्यभाग मोलाचा. भुयारात कड नाही, प्रेक्षक नाहीत, आहे ती दगडी भिंत. भिंतीवर आदळण्याची शिक्षा नसेल, तर भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला गडी सुरक्षित होतो आणि सगळे भिंतीला चिकटतात. शिक्षा फार कडक असेल, तर बोळात कुणी शिरतच नाही. ही मात्रा नेमकी हवी.

दुसरं ठिकाण बेशुद्ध गडी. मैदानावर मूर्च्छा आलेला गडी टचडाऊननंतर, नव्या मांडणीच्या आधी, फासा अनुकूल पडला तर परत येतो. भुयारात पहिल्या टचडाऊनला सामनाच संपतो. मग मैदानाचा नियम लावला तर मूर्च्छित आणि मेलेला यांत त्या सामन्यापुरता फरक उरत नाही. ज्याला पहिल्या काही पाळ्यांत दोन-तीन वाईट फासे पडले, त्याचा संघ उरतच नाही.

तिसरं ठिकाण ड्वार्फांचं डेथरोलर. वाफेवर चालणारा हा रूळ मैदानावर बेकायदा शस्त्र मानला जातो. पंच त्याला एका टप्प्यापुरता, म्हणजे पुढच्या मांडणीपर्यंत, चालू देतात आणि टप्पा संपला की बाहेर काढतात. भुयारात संपूर्ण सामना हा एकच टप्पा. म्हणजे बाहेर काढण्याची वेळ कधीच येत नाही, आणि एक चौकटीच्या बोळात रस्ता चिरडणारा रूळ फिरत राहतो. ज्या नियमाने मैदानावर तोल राखला, तोच नियम इथे तोल घालवतो.

भुयारासाठी लिहिलेल्या नियमांनी अशा अडचणींचा विचार आपापल्या परीने केला. पण प्रत्येक टेबलावरचं भुयार वेगळं, गडी वेगळे, वेळ वेगळा. नियम लिहिणारा माणूस तुमच्या टेबलाशी बसलेला नसतो. शेवटचा हात तुम्हालाच फिरवावा लागतो.

टेबलावर ठरलेलं

असे घरचे नियम कसे असतात, ते काही उदाहरणांनी सांगतो.

सगळ्यांत उपयोगी नियम मांडणीचा. एकाने भुयार जोडायचं, दुसऱ्याने आपलं टोक निवडायचं. जोडणाऱ्याला कुठलं टोक मिळणार हे माहीत नसल्यामुळे तो मुकाट्याने दोन्ही बाजू सारख्या करतो. न्यायासाठी वेगळा पंच लागत नाही.

दुसरा नियम पेट्यांचा. सहांपैकी पहिल्याच पेटीत चेंडू निघण्याची शक्यता सहात एक, आणि पहिल्या तीन पेट्यांत तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे बहुतेक सामन्यांत शोधाचा थरार मिळतो, पण दर सहा सामन्यांत सरासरी एक सामना पहिल्याच स्फोटाआधी एकतर्फी होतो. ज्यांना हे खटकतं, ते ठरवतात की पहिली पेटी फुटल्यानंतरच चेंडूची चिठ्ठी उरलेल्या पाचांत मिसळायची. काहीजण म्हणतात, राहू द्या. भुयार म्हटलं की नशीब आलंच. दोन्ही म्हणणी रास्त आहेत.

तिसरा नियम वेळेचा. पहिल्या टचडाऊनला संपणारा सामना लवकर आटोपेल किंवा रात्र घेईल. दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्यांनी पाळ्यांची मर्यादा घालावी. मर्यादा संपली तेव्हा चेंडू ज्याच्या हातात, तो जिंकला. मात्र या नियमाची एक फट आहे: चेंडू मिळालेला संघ बोळात शिरून बुरूज उभा करतो आणि वेळ काढतो. म्हणून चेंडू कुठल्या टोकाच्या जवळ आहे, यावर निकाल लावणं अधिक चांगलं. मग पुढे सरकणं भाग पडतं.

चौथा नियम दाराचा. खोलीला दार लावायचं आणि ते उघडायला किंवा बंद करायला एक चौकटभर चाल मोजायची. एवढ्याशा बदलाने पाठलागाला रंगत येते. पाचवा नियम भुयारातल्या तटस्थ राक्षसाचा. तो कुणाचाच नाही, प्रत्येक फेरीच्या शेवटी जवळच्या गड्याकडे सरकतो. बोळ अडवून बसलेल्या ड्वार्फाला हलवण्याचा याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

नवख्या माणसासाठीही सवलती ठरतात. त्याला फासा पुन्हा टाकण्याच्या संधी जास्त द्यायच्या, किंवा पाळीला चार मिनिटांची मर्यादा असेल तर ती त्याच्यापुरती सोडायची. आपल्या अंगणात धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे, त्याच जातीची ही सवलत आहे. त्या पोराला बाद न करण्याने खेळ बिघडत नसे. उलट ते पोर पुढच्या वर्षी पक्कं होऊन यायचं आणि खेळाला एक भिडू मिळायचा.

चांगल्या घरच्या नियमाच्या काही खुणा सांगता येतात. तो फासा पडण्याआधी ठरलेला असतो, फासा पडल्यावर नाही. तो दोन्ही बाजूंना सारखा लागतो, किंवा सवलत असेल तर ती दोघांच्या संमतीने दिलेली असते. तो एका नेमक्या दुखण्यावरचा इलाज असतो आणि ते दुखणं कोणतं, हे एका वाक्यात सांगता येतं. आणि तो मागे घेता येतो. या कसोट्यांवर न उतरणारा नियम बहुधा कुणातरी हरलेल्याच्या रागातून आलेला असतो. तसे नियम साठत गेले की खेळ जड होतो, नव्या माणसाला आत शिरता येत नाही, आणि टेबलावर खेळापेक्षा वाद जास्त होतात. बदलाचा हक्क खेळणाऱ्यांचा आहे, म्हणून बदलाची जबाबदारीही त्यांचीच.

ही परंपरा फार जुनी आहे. 1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी लिटल वॉर्स नावाचं पुस्तक लिहिलं. घराच्या जमिनीवर खेळण्यातले सैनिक मांडून, स्प्रिंगच्या तोफांनी ते उडवायचे, असा खेळ. लाकडी ठोकळ्यांची घरं आणि टेकड्या रचून त्यांनी आपली रणभूमी बनवली. त्या पुस्तकात नियमांइतकीच नियम कसे घडत गेले याची हकिगत आहे: काय करून पाहिलं, काय जमलं नाही, चालीला वेळेची मर्यादा का घालावी लागली. सोंगट्यांच्या आधुनिक खेळांचं एक मूळ पुस्तक अशा तऱ्हेने घरातल्या जमिनीवरच्या तडजोडींतून उभं राहिलं आहे.

पुस्तिकेची राखण

ब्लड बोलच्या इतिहासात या वृत्तीची परीक्षा झाली. 2000 नंतरच्या दशकात कंपनीने या खेळाची नियमपुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आणि तिला जिवंत नियमपुस्तिका असं नाव दिलं. स्वतः जॉन्सन आणि अनुभवी खेळाडू यांची समिती तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या करी. दुरुस्तीआधी नियम टेबलांवर करून पाहिले जात. कुठली जमात फार जिंकते, कुठलं कौशल्य फार स्वस्त आहे, यावर जगभरच्या लीगमधून अनुभव गोळा होत. एका बंदिस्त कारखान्यात झालं नसतं एवढं बारीक काम इथे हजारो संध्याकाळींनी केलं.

दशकाच्या शेवटी या पुस्तिकेची अखेरची आवृत्ती निघाली. त्यानंतर कंपनीच्या बाजूने काही वर्षं शांतता होती. दुकानात नवी पेटी नाही, जाहिरात नाही. एरवी असा खेळ माळ्यावर गेला असता. पण खेळाडूंनी तो चालू ठेवला. नाफ या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्पर्धांना मान्यता देणं, निकाल नोंदवणं, क्रमवारी लावणं सुरूच ठेवलं. स्वतंत्र शिल्पकारांनी या खेळाला चालतील असे नवे गडी घडवले. फम्बल नावाच्या हौशी संकेतस्थळावर लोक घरबसल्या सामने खेळत राहिले. चार वर्षांतून एकदा भरणारी जागतिक स्पर्धा 2011 मध्ये ॲमस्टरडॅमला आणि 2015 मध्ये इटलीतल्या लुक्का शहरात झाली. त्या दोन्ही वेळी कंपनीची नवी आवृत्ती बाजारात आलेली नव्हती.

2016 मध्ये कंपनीने खेळ पुन्हा बाजारात आणला, 2020 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, आणि 2022 मध्ये डंजनबोलही नव्या पेटीतून परतला. परतायला एक जागता समाज होता म्हणून हे शक्य झालं. ज्यांनी नियम सांभाळले, त्यांनीच खेळ सांभाळला. 2019 मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉर्नबिर्न इथे आणि 2023 मध्ये स्पेनमधल्या अलिकान्ते इथे पुढच्या जागतिक स्पर्धा झाल्या.

स्पर्धेत घरचे नियम चालत नाहीत, हे उघड आहे. अनोळखी माणसासमोर बसायचं तर दोघांना ठाऊक असलेली एकच पुस्तिका हवी. तरीही प्रत्येक स्पर्धेचे आयोजक आधी आपलं पत्रक काढतात: संघ बांधायला किती रक्कम, किती कौशल्यं, बरोबरी झाली तर गुण किती. तेही एका अर्थाने घरचेच नियम आहेत, फक्त घर मोठं आहे. आणि तेही फासा पडण्याआधी सगळ्यांच्या हातांत दिलेले असतात.

आपल्याकडे सुरुवात करायची तर

परदेशी पेट्या आपल्या खिशाला जड जातात. त्यावरून कुणी मागे फिरू नये. या खेळाची पहिली आवृत्तीच पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर खेळली गेली, हे लक्षात ठेवावं. जाड पुठ्ठ्यावर चौकटी आखून खोल्या आणि बोळ कापता येतात. गड्यांसाठी पुठ्ठ्याचे उभे तुकडे, पाठीवर क्रमांक. पेट्यांसाठी सहा काड्यापेट्या, एकीत मणी. टक्करीच्या फाशाची चिन्हं साध्या फाशाच्या आकड्यांना वाटून देता येतात: एकाला कवटी, दोनाला दोघे आडवे, तीन-चारला धक्का, पाचाला पडणं पण चपळाला सूट, सहाला सरळ आडवा. सुरुवातीला प्रत्येकी सहा गडी आणि एकच छोटं भुयार पुरे. रंगकामाची गोडी लागली तर सोंगट्या नंतर येतीलच. त्रिमितीय छपाईमुळे आता त्याही घराजवळ बनवून घेता येतात.

सोबत एक वही ठेवावी. सामना संपला की काय खटकलं ते दोघांनी मिळून लिहावं, आणि पुढच्या सामन्याआधी त्यावर एकच नवा नियम ठरवून करून पाहावा. चार सामन्यांनंतर तो नियम नको वाटला तर खोडावा. अशा वहीतून तुमच्या घरचा डंजनबोल तयार होईल, आणि तो नॉटिंगहॅमच्या पेटीतल्या खेळाइतकाच खरा असेल.

आज बहुतेक खेळ पडद्यावर येतात. त्यांचे नियम यंत्रात बंद असतात. ते का आहेत हे विचारता येत नाही आणि समोरच्याशी बोलून बदलता येत नाहीत. टेबलावरच्या या खेळात दोन माणसं आधी बसतात, काय न्याय्य आहे ते आपसांत ठरवतात, आणि मग ठरलेलं आपल्या विरुद्ध गेलं तरी पाळतात. जिंकण्याची इच्छा असतानाच न्याय्य नियम मान्य करायला शिकणं, हे मुलांनाही लागतं आणि मोठ्यांनाही. त्यासाठी पुठ्ठा, फासे आणि समोर बसायला तयार असलेला एक माणूस एवढं पुरतं. दिवाळीच्या सुट्टीत हे तिन्ही आपल्या बहुतेकांच्या घरी असतात.